तिसऱ्या आघाडीचा मोबाइल

आपल्याकडे दर निवडणुकीआधी एक तिसरी आघाडी निघते. कुठल्या तरी शहरातल्या कुठल्या तरी हॉटेलात पाच-सात नेते जमतात, एकमेकांचे हात धरून वर करतात, छायाचित्रकार ‘साहेब, अजून थोडं वर’ म्हणून ओरडतात आणि दुसऱ्या दिवशी ‘देशाला पर्याय मिळाला’ असा मथळा येतो. त्यानंतर तो पर्याय कुठे जातो हे पेपरवाले सांगत नाहीत. निकाल लागला की हात वर केलेल्यांपैकी निम्मे पहिल्या आघाडीच्या गाडीत दिसतात, निम्मे दुसरीच्या, आणि एखादा निष्ठावंत तेवढा रिक्षा करून घरी जातो.

मोबाइलच्या राज्यातही हेच चालतं, फक्त हॉटेल जरा महाग असतं. एका बाजूला अँड्रॉइड, दुसऱ्या बाजूला आयफोनची आयओएस. भारतात शंभरातले पंचाण्णवच्या आसपास फोन अँड्रॉइडवर चालतात, उरलेले जवळपास सगळे आयफोन, आणि त्यातूनही जी चिमूटभर जागा उरते तिथे आमचे दाजी राहतात.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. आयुष्यभर ऑडिटमध्ये नोकरी केल्यामुळे बहुमत ज्या बाजूला आहे तिथे काहीतरी घोळ असणार, अशी त्यांची खात्री आहे. निवडणुकीत त्यांनी ज्याला मत दिलं तो कधी निवडून आलेला नाही, आणि चुकून येईल अशी चिन्हं दिसली तर ते उमेदवार बदलतात. फोनचंही तसंच. “अरे, दोन कंपन्यांनी साऱ्या जगाचा खिसा वाटून घेतलाय. कुणीतरी तिसरा नको का?” असं म्हणून तो तिसरा जो कोण असेल त्याचा फोन ते घेऊन येतात. त्यांच्या कपाटाच्या खालच्या खणात या तिसऱ्यांचं एक छोटं संग्रहालय आहे. ताई त्या खणाला ‘माजी आमदार निवास’ म्हणते.

त्या खणातला सगळ्यात देखणा फोन म्हणजे नोकियाचा पिवळाधमक लुमिया, मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन सिस्टिमवर चालणारा. दाजींचं त्याच्यावर खरं प्रेम होतं आणि ते मला मान्यही आहे. विंडोज फोन ही चांगलीच गोष्ट होती. पडद्यावर त्या हलत्या-डुलत्या टाइल्स, अक्षरं मोठी आणि सुबक, आणि स्वस्तातला लुमिया ५२०सुद्धा त्याच किमतीच्या अँड्रॉइडसारखा रडतखडत न चालता तुरुतुरु पळायचा. पण चांगलं असण्याचा आणि टिकण्याचा संबंध असतो ही समजूत माणसाची शाळेत करून दिलेली असते, बाजाराची नाही.

मायक्रोसॉफ्टला मात्र स्वतःबद्दल शंका नव्हती. सप्टेंबर २०१० मध्ये विंडोज फोन ७ तयार झाल्याच्या आनंदात त्यांच्या कर्मचाऱ्यांनी रेडमंडच्या आवारात आयफोनची अंत्ययात्रा काढली. खोटी खोटी, पण साग्रसंगीत: आयफोनचा भलामोठा पुतळा, शववाहिका, मागे नाचणारी मंडळी. ब्लॅकबेरीलाही त्याच मिरवणुकीत पोचवलं. त्या रेडमंडात एखादी कोकणातली आत्या असती तर तिनं तिथल्या तिथे सांगितलं असतं की बाबांनो, जित्याजागत्याच्या मरणाची आवई उठवली की त्याचं आयुष्य वाढतं. आयफोनचं वाढलं.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०११ मध्ये, नोकियाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं. आशय असा, की आपल्या पायाखाली आग लागली आहे, आता उडी मारण्यावाचून गत्यंतर नाही. उडी कुठे मारायची? इलॉपसाहेब नोकियात ज्या मायक्रोसॉफ्टमधून आले होते तिकडेच. नोकियाकडे तेव्हा मीगो नावाची नवी सिस्टिम होती, तिच्यावरचा एन-९ हा फोन जूनमध्ये जाहीर झाला, परीक्षकांनी डोक्यावर घेतला, आणि साहेबांनी जाहीर केलं की हा कितीही खपला तरी मीगोकडे आम्ही परत जाणार नाही. मुलगा बोर्डात पहिला आला तरी त्याला कॉलेजात घालायचं नाही, हे निकालाआधीच ठरलेलं. मायक्रोसॉफ्टनं मग नोकियाचा फोनचा धंदाच विकत घेतला. सौदा ठरला तेव्हा तो ७२० कोटी डॉलरच्या घरातला होता, २०१४ मध्ये तो पुरा झाला, आणि २०१५ च्या जुलैत त्यापोटी ताळेबंदातून वजा केले ७६० कोटी. घेतलं त्यापेक्षा जास्त बुडालं कसं, यावर दाजी रात्री जेवणानंतर स्वतंत्र व्याख्यान देतात. मी त्या वेळी निघालेलो असतो.

या सगळ्यात बिचाऱ्या फोनची चूक काय होती? काहीच नाही. त्याच्याकडे ॲप नव्हती. ‘लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही’ ही म्हण ज्यानं काढली त्यानं मोबाइलचा धंदा अगोदरच पाहून ठेवला असावा. गिऱ्हाईक नाही म्हणून कुणी ॲप बनवत नाही, आणि ॲप नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही. मायक्रोसॉफ्टनं लोकांना पैसे देऊन ॲप बनवून घेतली, काहींची स्वतः लिहून दिली, तरीही वापरणारेच इतके थोडे की कंपन्यांना त्यात रस नव्हता, हे २०१७ मध्ये त्यांच्याच ज्यो बेल्फिओर यांनी जाहीर सांगून टाकलं. इन्स्टाग्राम तिथे २०१३ च्या नोव्हेंबरात पोचलं, तेही ‘अजून चाचणी चालू आहे’ अशी पाटी गळ्यात घालून. स्नॅपचॅट पोचलंच नाही. यूट्यूबचं ॲप गूगल देईना, म्हणून मायक्रोसॉफ्टनं स्वतः बनवलं, तर गूगलनं ते बंद पाडलं. त्या दिवसांत रुडी ह्युन नावाचा एक फ्रेंच तरुण एकेका नामांकित ॲपची नक्कल एकहाती लिहून विंडोज फोनवाल्यांना पुरवत होता. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीची अब्रू एका पोराच्या लॅपटॉपवर टांगलेली. दाजींना तेव्हा त्याचं नाव पाठ होतं. भाच्याच्या वाढदिवसाची तारीख नव्हती.

पुढे बिल गेट्स यांनी २०१९ मध्ये कबूल केलं, की अँड्रॉइडची जागा मायक्रोसॉफ्टला घेता आली नाही ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. ते स्वतः हल्ली अँड्रॉइड फोन वापरतात. ही बातमी मी दाजींना दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “तत्त्वनिष्ठ माणसं आता राहिलीच कुठे?”

ब्लॅकबेरीची कथा याहून रंगतदार. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी ब्लॅकबेरी १० ही नवी सिस्टिम वाजतगाजत आणली आणि गायिका अलिशिया कीज यांना ‘ग्लोबल क्रिएटिव्ह डायरेक्टर’ नेमलं. थोड्याच दिवसांत त्यांच्या ट्विटर खात्यावरून एक ट्वीट गेलं, आणि त्याखाली ‘आयफोनवरून’ अशी नोंद उमटली. खातं हॅक झालं होतं, असा त्यांचा खुलासा आला. आपल्याकडे तिसऱ्या आघाडीचा नेता पहिल्या आघाडीच्या बंगल्यावर दिसला की ‘मतदारसंघातल्या कामासाठी गेलो होतो’ म्हणतो, त्याच जातीचा हा खुलासा. २०१५ मध्ये ब्लॅकबेरीनं स्वतःच अँड्रॉइडचा फोन काढला, तेव्हा खुलासा करण्याचीही गरज उरली नाही.

ह्यूलेट-पॅकार्डनं पामला १२० कोटी डॉलर मोजून तिची वेबओएस घेतली आणि २०११ च्या जुलैत त्यावरचा टचपॅड हा टॅबलेट बाजारात आणला. ४९ दिवसांत बंद केला. मग उरलेला माल ४९९ चा ९९ डॉलरला फुंकून टाकायचा ठरला आणि अमेरिकेत दुकानांपुढे अशा रांगा लागल्या, की पडलेला माल बघता बघता संपला. हे वाचल्यापासून दाजींच्या मनात एक सिद्धान्त घर करून आहे: तिसरा पर्याय लोकांना हवाच असतो, फक्त तो सेलमध्ये हवा असतो.

भारतात हा सिद्धान्त तपासून झाला आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये फायरफॉक्स ओएसवर चालणारा इंटेक्सचा फोन निघाला, किंमत १,९९९ रुपये. नवा कोरा स्मार्टफोन, दोन हजारांच्या आत! पण त्याच्यात रॅम होती १२८ एमबी, आणि व्हॉट्सॲप नव्हतं. आता अमेरिकन माणसाला वाटेल, एक ॲप नसलं तर काय बिघडलं? त्याला काय कल्पना की आपल्याकडे व्हॉट्सॲप नसलेला माणूस म्हणजे टाकीत पाणी नसल्याचा, सत्यनारायणाचा आणि कुणीतरी गेल्याचा, तिन्ही निरोप एकदमच न मिळालेला माणूस. जानेवारी २०१५ मध्ये सॅमसंगनं टायझन या सिस्टिमवरचा झेड-१ जगात पहिल्यांदा भारतातच आणला, ५,७०० रुपयांना. हे दोन्ही दाजींनी घेतले. दोन्ही खणात आहेत, शेजारी शेजारी.

मग दाजी अधिक कडव्या मार्गाला लागले. अँड्रॉइडचा गाभा खुला आहे, तो कुणीही घेऊन त्यातून गूगल उपटून टाकू शकतो, हे त्यांना कुठून तरी समजलं. एका हुशार पोराला गाठून त्यांनी फोनमधून गूगल पार धुऊन काढलं. आठवडाभर त्यांच्या चेहऱ्यावर गंगेत न्हाऊन आल्याचं तेज होतं. मग महिनाअखेर आली, आणि त्यांच्या बँकेच्या ॲपनं लाल अक्षरांत कळवलं की तुमचं उपकरण सुरक्षित नाही.

दाजी फोन घेऊन शाखेत गेले. काउंटरवरची मुलगी सालस होती. तिनं विचारलं, “काका, फोनमध्ये व्हायरस शिरलाय का?”

“बाळ, व्हायरस बाहेर काढलाय म्हणून तर ही वेळ आली!”

तिनं शांतपणे पासबुक भरून दिलं.

ही गंमत फक्त दाजींच्या बँकेची नव्हे. पैशांची बरीचशी ॲप सुरू होताना गूगलच्या सर्व्हरला विचारून घेतात, की हा फोन आपल्या ओळखीचा आहे ना? म्हणजे गूगलपासून सुटका करून घेतलेल्या माणसाला चारित्र्याचा दाखला गूगलकडूनच आणायचा. भाजीवालीच्या गाडीवर क्यूआर कोड, दुधाचं बिल यूपीआयवर, सोसायटीच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचं ॲप. तेव्हा तिसऱ्या आघाडीचा सभासद घराबाहेर पडला की त्याच्या मागून पाच पावलांवर अँड्रॉइडवाली बायको लागते. ताई पाच पावलांवर असते. “दोन जुड्या मेथी घेतली, वीस रुपये टाक गं,” असं दाजी मागे वळून म्हणतात तेव्हा त्यांचा आवाज थोडा खाली आलेला असतो.

बरं, कंपन्यांनी तरी तिसऱ्याला जवळ करावं ना? २०१२ च्या सप्टेंबरात एसर या तैवानी कंपनीनं अलीबाबाच्या अलीयुन सिस्टिमवरचा फोन आणायचं ठरवलं. समारंभ ऐनवेळी रद्द झाला. गूगलचं म्हणणं असं, की अँड्रॉइडच्या परिवारात आहात ना, मग अँड्रॉइडचं हे न जुळणारं भावंड मांडीवर घेता येणार नाही. हे कलम करारात असायचं: प्ले स्टोअर हवं तर दुसऱ्या पोटजातीचं अँड्रॉइड विकायचं नाही. आपल्या स्पर्धा आयोगानं २०२२ च्या ऑक्टोबरात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्यात हाही एक मुद्दा होता. ती बातमी दाजींनी कापून फ्रिजवर लावली. बातमी वाचली कशावर, हे मी विचारलं नाही. ताईनं विचारलं.

माझं मत विचाराल तर नवी सिस्टिम जुन्यांना टक्कर देऊ शकते का, याचं उत्तर त्या सिस्टिममध्ये सापडत नाही. ते सापडतं मैदानात. मैदान रिकामं हवं, नाहीतर जुन्या भिडूला कुणीतरी मैदानाबाहेर काढलेलं हवं. अँड्रॉइडचंच बघा. २००३ मध्ये ती कंपनी निघाली तेव्हा तिच्या डोक्यात फोन नव्हताच, कॅमेऱ्यात घालायची सिस्टिम बनवायची होती. २००५ मध्ये गूगलनं ती घेतली, २००८ मध्ये पहिला फोन आला. तेव्हा नोकियाचं सिम्बियन गादीवर होतं, ब्लॅकबेरी साहेबांच्या कमरेला होता, विंडोज मोबाइल होता, पाम होता, आयफोन आदल्याच वर्षी आला होता, आणि ‘पाचशे डॉलरला फोन? आणि बटणंच नाहीत?’ म्हणून मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर मुलाखतीत खदखदून हसले होते. अँड्रॉइड तिसरीही नव्हती, पाचवी-सहावी होती. पण ज्यांच्या हातात अजून स्मार्टफोन आलाच नव्हता अशी अर्धीअधिक दुनिया समोर उभी होती. आणि सिस्टिम फुकट होती. फुकट म्हटल्यावर जगातला प्रत्येक कारखानदार रांगेत.

रिकाम्या मैदानाचा दुसरा सामना आपल्याच अंगणात झाला. २०१७ मध्ये जिओफोन जाहीर झाला. त्याच्या पोटात काइ-ओएस होती, जी मेलेल्या फायरफॉक्स ओएसच्याच फांदीवर फुटलेली. बटणांचा फोन, त्यात ४जी, यूट्यूब, गाणी. बाकीच्या तिसऱ्या आघाड्यांचं डिपॉझिट मतदारांनी जप्त केलं. जिओफोननं उलट मतदारांकडूनच दीड हजार रुपये डिपॉझिट घेतलं! २०१८ मध्ये भारतात या काइ-ओएसनं आयफोनलाही मागे टाकलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात व्हॉट्सॲपसुद्धा हजर झालं. आता ते आपणहून चालत आलं, कारण मतदारसंघ मोठा होता. असे दहा कोटींहून जास्त फोन गेले. दाजी त्या काळात असे चालायचे की जणू हा विजय त्यांनी बूथवर बसून आणलाय.

पण आघाडीचा धर्म चुकत नाही. २०१८ मध्येच काइ-ओएसमध्ये २.२ कोटी डॉलर घातले ते कुणी? गूगलनं. २०२० मध्ये जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ३३,७३७ कोटी रुपये कुणी घातले? पुन्हा गूगलनं. आणि २०२१ च्या दिवाळीत जिओफोन नेक्स्ट आला तो अँड्रॉइडवर. आमदार हॉटेलातून निघून रातोरात कुठे गेले याचा उलगडा व्हायला आपल्याकडे सकाळ तरी व्हावी लागते, इथे सगळं पत्रकं काढून झालं.

चीनमध्ये दुसरा प्रकार घडला. २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेनं ह्वावेला काळ्या यादीत टाकलं, गूगलची दारं बंद झाली. ऑगस्टमध्ये ह्वावेनं हार्मनी-ओएस पुढे आणली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात तिच्यातून अँड्रॉइडची ॲप चालवायची सोयही काढून टाकली. हे त्यांना जमलं, कारण चिनी माणसाच्या फोनवर गूगल मुळात नव्हतंच. जे नव्हतं ते गेल्याचं दुःख कुणाला? तिथे माणूस जगतो वुईचॅटवर. वुईचॅट आलं की सिस्टिम आली. २०२४ च्या सुरुवातीला चीनमधल्या फोनविक्रीत हार्मनीनं आयओएसला मागे टाकलंही होतं. म्हणजे तिसरा पर्याय उभा करायला पैसा, इंजिनिअर आणि देशाभिमान हे सगळं लागतंच, पण त्याहून जास्त लागतं ते कुणीतरी तुम्हाला घराबाहेर काढणं. लाथ खाल्ल्यावाचून इतक्या लांब कुणी जात नाही.

आपल्याकडे तशी लाथ अजून बसलेली नाही, म्हणून आपलं सगळं बेतानं चालतं. २०२३ च्या जानेवारीत आयआयटी मद्रासच्या छत्राखाली घडलेली भारओएस आली. दोन केंद्रीय मंत्र्यांनी तिची चाचणी घेतली. फोनमध्ये आधीपासून घुसवलेली ॲप नाहीत हे तिचं वैशिष्ट्य, आणि गुप्तता सांभाळावी लागते अशा संस्थांसाठी ती आहे, हे तिच्या कर्त्यांनी नीट सांगितलं होतं. पण आमच्या ‘जुने सहकारी’ ग्रुपवर त्याच संध्याकाळी संदेश आला: ‘अँड्रॉइडची सद्दी संपली! स्वाभिमानी असाल तर दहा जणांना पाठवा.’ दहा जणांनी पाठवला. अँड्रॉइडवरून. भारओएसचा गाभाही अँड्रॉइडच्या खुल्या भागाचाच आहे हे मी खाली लिहिलं, तर मला उत्तरादाखल हात जोडलेले दोन इमोजी आणि एक सूर्योदय मिळाला.

त्याआधी मुंबईत आयआयटीच्या मुलांनी इंडस ओएस काढली होती. तीही अँड्रॉइडवर बेतलेली, पण मराठीसकट भारतीय भाषांची तिच्याइतकी कड कुणी घेतली नव्हती. मायक्रोमॅक्सच्या फोनांतून ती गावोगावी पोचली. ज्या काळात अँड्रॉइडवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसायची तो काळ ज्यांना आठवतो त्यांना याची किंमत कळेल. पुढे गूगलनंही भाषा मनावर घेतल्या आणि इंडसचं हत्यार गेलं. २०२२ मध्ये फोनपेनं ती कंपनी घेतली आणि आता त्या नावानं ॲपचं दुकान चालतं.

तर या सगळ्या हुतात्म्यांचं पुढे होतं काय? इथे मात्र मला पुनर्जन्मावर विश्वास ठेवावा लागतो. फोनमध्ये मेलेली सिस्टिम टीव्हीत जन्म घेते. वेबओएस एलजीच्या टीव्हीत आहे. टायझन सॅमसंगच्या टीव्हीत आहे. फायरफॉक्स ओएसनंही काही काळ पॅनासॉनिकच्या टीव्हीत काढला. एकट्या हार्मनीनं प्रवास उलटा केला: ती आधी टीव्हीत आली आणि मग फोनमध्ये गेली. कदाचित म्हणूनच वाचली असेल.

दाजींना हे मीच सांगितलं. ते ताडकन उठले, टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरले, आणि तिथे ‘वेबओएस’ ही अक्षरं दिसल्यावर त्यांनी ताईला स्वयंपाकघरातून हाक मारली. “बघ! दिल्लीत नसेना, जिल्हा परिषद तरी आपल्याकडे आहे.” दिवाणखान्यात बसून इतकी वर्षं आपण तिसऱ्या आघाडीचंच राज्य उपभोगत होतो, या कल्पनेनं त्यांनी दुसरा चहा मागितला.

ताई हात पुसत आली. टीव्हीच्या मागे भाच्यानं दिवाळीत आणून खोचलेली एक बोटभर काडी होती, तिच्याकडे तिनं बोट दाखवलं. “मालिका, सिनेमे, सगळं त्या काडीवरच लागतं हो. तुमचं ते नुसतं चालू-बंद होतं.”

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या काडीत काय चालतं हे मला माहीत होतं, आणि तेही अँड्रॉइडचंच एक रूप होतं.

“हार्मनीचा टीव्ही इकडे कधी मिळेल रे?” त्यांनी विचारलं.